निगेटिव्ह आणि स्लाइडसाठी स्कॅनर कसा निवडावा

स्कॅनरच्या किमती बघण्याआधी घरातला निगेटिव्हचा डबा उघडा. कोणता स्कॅनर घ्यायचा, हे बरंचसं त्या डब्यातच ठरतं.

१. फिल्म मोजा, वेगळी करा

फूटपट्टी घ्या. फिल्म ३५ मिमी रुंद आणि दोन्ही कडांना चौकोनी भोकं असतील, तर एका फोटोचं माप २४ × ३६ मिमी. भोकं नसलेली, साधारण ६ सेंमी रुंद फिल्म म्हणजे १२० चा रोल. आपल्याकडे कित्येक घरांत बडोद्यात बनलेला अ‍ॅग्फा क्लिक-३ होता. त्याचे ६ × ६ सेंमीचे बारा-बारा फोटो याच रोलवर आहेत. ३५ मिमीसाठीच बनवलेल्या फिल्म स्कॅनरमध्ये ही फिल्म जातच नाही, म्हणून मोजणं आधी.

मग तीन गठ्ठे करा: रंगीत निगेटिव्ह, कृष्णधवल निगेटिव्ह, स्लाइड (छोट्या चौकटीत बसवलेली, चित्र खऱ्या रंगांत दिसणारी फिल्म). प्रत्येकातले फोटो मोजून लिहून ठेवा. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा पायाच कुजायला लागला आहे. त्या पट्ट्या लगेच वेगळ्या काढा आणि सगळ्यांत आधी स्कॅन करा. ही प्रक्रिया उलटी फिरत नाही.

२. खोक्यावरच्या डीपीआयवर (एका इंचातले ठिपके) विश्वास ठेवू नका

खोक्यावर छापलेला आकडा सेन्सर किती ठिपके मोजतो एवढंच सांगतो. प्रत्यक्ष तपशील किती उतरतो, हे भिंग आणि फोकसवर अवलंबून असतं. एप्सन परफेक्शन व्ही६०० या फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर ६४०० लिहिलेलं आहे, पण चाचणीत तपशील साधारण १५०० डीपीआयचाच मिळतो. व्ही८५० वरही ६४००, प्रत्यक्षात सुमारे २३००. प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८२००आय या ३५ मिमीच्या खास फिल्म स्कॅनरवर ७२००, प्रत्यक्षात ३२०० च्या आसपास.

आता हिशोब करा. १५०० डीपीआयने ३५ मिमीचा फोटो साधारण २१०० × १४०० पिक्सेल, म्हणजे जेमतेम ३ मेगापिक्सेलचा होतो. मोबाइलवर छान दिसेल, ७ × ५ इंचांपर्यंत छापता येईल. भिंतीवर मोठा लावायचा तर पुरणार नाही. त्याच व्ही६०० वर क्लिक-३ ची चौकोनी निगेटिव्ह मात्र ११ मेगापिक्सेल देते. म्हणून डब्यात बहुतेक १२० ची फिल्म असेल तर फ्लॅटबेड चांगला, बहुतेक ३५ मिमी असेल तर खास फिल्म स्कॅनर.

३. इन्फ्रारेड कधी लागतो

काही स्कॅनर प्रत्येक फोटोवरून इन्फ्रारेड किरणांचा एक जादा फेरा मारतात. रंगीत फिल्ममधले रंग हे किरण आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे देत नाहीत. त्यामुळे सॉफ्टवेअरला कचरा ओळखून पुसता येतो. एप्सनवर याचं नाव डिजिटल आइस. रंगीत निगेटिव्ह शेकड्यांनी असतील तर यासाठी जादा पैसे जरूर मोजा, हाताने ठिपके पुसण्याचे तासन् तास वाचतात.

कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडला अडवते. स्कॅनर चेहऱ्यालाच धूळ समजून फासून टाकतो. ही सोय तिथे बंदच ठेवायची. चौकटीवर ‘कोडाक्रोम’ (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) लिहिलेल्या स्लाइडवरही ती अनेकदा बिघडते.

४. कोणता प्रकार टाळायचा, कोणता घ्यायचा

ऑफिसातला साधा स्कॅनर-प्रिंटर फिल्मसाठी चालत नाही. फिल्मला मागून उजेड लागतो. झाकणात दिवा नसेल तर काळी पट्टीच उमटते. पडदा लावलेले छोटे, झटपट स्कॅनर आतून लहानसे कॅमेरेच असतात. त्यांतले बरेचसे फक्त जेपीईजी, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल देतात आणि आकाश, पांढरी साडी यांतला तपशील जातो. डब्यात काय आहे ते चाळून बघायला ठीक, जतनासाठी नाही.

निकॉनचे जुने कूलस्कॅन फिल्म स्कॅनर अजूनही उत्तम काम करतात, पण उत्पादन कधीच बंद झालंय. घेण्याआधी केबल बघा: त्यांतल्या ९००० ईडी मॉडेलला फायरवायर ही जुन्या प्रकारची केबल लागते. ड्रायव्हर चालत नसेल तर व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर बहुतेक जुन्या स्कॅनरना चालवतं.

हाताशी २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि १:१ मॅक्रो लेन्स असेल, तर स्कॅनर न घेताही भागतं. ९५ च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेलं एलईडी पॅनल, फिल्म सपाट धरणारा होल्डर आणि कॅमेरा खाली तोंड करून धरणारा कॉपी स्टँड लागेल. एफ/८, आयएसओ १०० ठेवा, फ्रेमभोवतीचा उजेड काळ्या कागदाने झाका. कॅमेरा काटकोनात आहे का, हे बघायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा: भिंगाचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं पाहिजे. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर काढायला मात्र वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

५. वेळ मोजा

चांगल्या स्कॅनरवर पट्टी सरकवणं, धूळ उडवणं धरून एका फोटोला चार मिनिटं सहज जातात. ३६ फोटोंचे २० रोल म्हणजे ७२० फोटो, ४८ तास. एवढा वेळ नसेल तर निवडक फोटो लॅबमधून करून घेणंच शहाणपणाचं.

६. चाचणी घेऊनच पैसे द्या

एक रंगीत निगेटिव्ह, एक कृष्णधवल आणि गडद सावली असलेली एक स्लाइड सोबत न्या. एकच फोटो आधी २४०० आणि मग सर्वांत मोठ्या डीपीआयवर स्कॅन करून दुकानाच्या पाटीवरची अक्षरं किंवा साडीचा काठ मोठा करून बघा. जादा तपशील दिसत नसेल तर तो मोठा आकडा निरुपयोगी. स्लाइडच्या सावलीत रंगीत दाणे दिसले तर सेन्सर कमजोर आहे.

चारही कोपरे तपासा. मध्य स्पष्ट आणि कडा पुसट असतील तर बहुधा फिल्म वाकलेली असते. पट्ट्या कव्हरसकट जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवून पुन्हा बघा. तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी वलयं आली तर फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकते आहे. आणि चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रंगीत रेघ दिसली, तर फ्लॅटबेडच्या काचेवर जिथे स्कॅनर उजेड जुळवून घेतो तिथे धुळीचा कण बसलेला असतो. काचेचा तो भाग मऊ कापडाने पुसा आणि पुन्हा स्कॅन करा. तरीही रेघ राहिली तर तो स्कॅनर घेऊ नका.