घाम निघाला म्हणजे चरबी जळाली असं नाही: परभणीच्या हवेत वजन उतरवताना

मी शाळेत क्रीडा शिक्षिका आहे. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर आमचा बायकांचा फिरण्याचा गट असतो. मार्च संपत आला की गटात एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, घाम लई निघायलाय, मंजे चरबी जळायली ना?" याच समजुतीपायी कुणी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून चालतं, कुणी पोटाला प्लास्टिकचा पट्टा बांधतं. मला त्याची खरंच काळजी वाटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तिथे हा खेळ जिवावर बेतू शकतो.

आधी घरच्या घरी एक पडताळा घ्या. फिरायला निघण्यापूर्वी लघवीला जाऊन या आणि काट्यावर उभ्या राहा. तासभर चालून आल्यावर घाम पुसा, कोरडे कपडे घाला आणि पुन्हा वजन करा. उन्हाळ्यात काटा सहज अर्धा-पाऊण किलो कमी दाखवतो. आता हिशेब करा. ६० किलो वजनाच्या बाईने तासभर झपाझप चालल्यावर साधारण २०० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. म्हणजे सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असं धरलं, तरी जळाली ती २५-२६ ग्रॅम. घरातला काटा एवढा फरक दाखवतही नाही. बाकी सगळं गेलं ते पाणी, आणि दोन तांबे पाणी पोटात गेलं की काटा पुन्हा होता तिथे येतो. पण म्हणून चालणं वाया गेलं असं समजू नका. ते २५ ग्रॅमच आपली कमाई आहेत, आणि ती रोज जमा होत राहते.

मग घामाचं काम काय? अंग थंड ठेवणं. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा पाव हिस्साच हालचालीला लागतो, उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग अंगाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास धरून ठेवतो. उष्णता वाढली की तो घाम सोडायला लावतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. हा आकडा ऐकून कुणाला वाटेल, तेवढ्या कॅलरी जळाल्या. तसं नाही. त्यातली बरीचशी उष्णता उन्हानंच अंगात घातलेली असते. आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. पट्ट्याखाली साचलेला घाम वाळत नाही, त्यामुळे पाणीही जातं आणि अंगही तापतच राहतं. पट्टा सोडून ठेवा, सैल सुती कपडे घाला.

उन्हाळ्यात फिरणं पहाटे पाच ते साडेसहाच्या आतच उरकावं. थंड वेळेला जास्त वेळ आणि जास्त जोमानं चालता येतं, आणि कॅलरी जळतात त्या त्यानंच. वेग किती असावा? शेजारणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. उन्हाळ्यात नव्यानं सुरुवात करणारीनं पहिले आठ ते चौदा दिवस वेळ कमी ठेवावा, शरीराला उष्णता अंगवळणी पडायला तेवढे दिवस लागतात.

थंडीबद्दलही विचारतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली येतो. कुडकुडताना स्नायू आपोआप आकसतात, त्यात ऊर्जा खरंच जास्त जळते. शरीरात थोडी तपकिरी चरबीही असते, तान्ह्या बाळात जास्त, मोठ्यांत कमी. ती थंडीत ऊर्जा जाळून ऊब देते. पण म्हणून शाल न घेता कुडकुडत बसू नका. थंडीत भूकही वाढते आणि त्याच दिवसांत शेतात हुरडा असतो. फ्रिजचं गार पाणी प्यायल्यानं कॅलरी जळतात असंही काहीजणी म्हणतात, त्याचंही तेच. १० अंशांचं पाव लिटर पाणी ३७ पर्यंत तापवायला शरीराला जेमतेम सात कॅलरी लागतात. माठाचंच पाणी प्या.

अंगाचं तापमान वाढून ऊर्जेचा खर्च खरोखर वाढतो तो तापात. ताप एका अंश सेल्सिअसनं वाढला की विश्रांतीतला खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ज्या बाईला पडून राहिल्यावर दिवसाला १३०० कॅलरी लागतात, तिला ३९ अंश तापात पावणेतीनशेच्या आसपास जास्त लागतात. म्हणूनच दुखण्यातून उठल्यावर अंग उतरलेलं दिसतं. पण त्यात स्नायूही झिजतात, आणि रोजच्या कॅलरी जाळणारे स्नायूच कमी होतात. आजारी माणसाला उपाशी ठेवू नका. मुगाची पातळ खिचडी, वरण-भात, ताक थोडं थोडं देत राहा.

जेवणातूनही अंगात उष्णता तयार होते, कारण पचनालाच ऊर्जा लागते. प्रथिनांतल्या कॅलरींपैकी २० ते ३० टक्के पचनातच खर्च होतात, पिठूळ पदार्थांच्या ५ ते १० टक्के आणि तेल-तुपाच्या फार तर ३ टक्के. त्यामुळे ज्वारीची भाकरी सोडू नका, एखादी कमी करा आणि सोबत घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं किंवा अंडी वाढवा. शेंगदाण्याची चटणी चमचाभरच, तिच्यात तेल पुष्कळ असतं.

एक लक्षण मात्र अंगावर काढू नका. घरात सगळ्यांना उकडतंय आणि तुम्हालाच थंडी वाजते, खाणं बेताचं असून वजन वाढतं, केस गळतात, पोट साफ होत नाही, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. असं असेल तर डॉक्टरांकडे जाऊन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची टीएसएच ही रक्ताची तपासणी करून घ्या. ही ग्रंथी मंदावली की शरीराचा ऊर्जेचा खर्चच खाली येतो. तिथे चालणं वाढवून भागत नाही, औषध लागतं.

घाम फार गेला तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचाच अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्या. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि सोबतची बाई बरळायला लागली, तोल जायला लागला किंवा अंग चटका बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. तिला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत पदरानं वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.