उघड्या टपाची जुनी गाडी खोलण्याआधीची तयारी

पाने, जॅक, गाडी टेकवून ठेवायच्या घोड्या, हातमोजे, चष्मा, आग विझवायचा सिलेंडर. हे सांगायची गरज नाही. सांगायलाच हवी अशी गोष्ट एकच: पत्र्याला ग्राइंडर लावण्याआधी दोन्ही दरवाजांच्या चौकटींत आधाराचे पाइप वेल्ड करून घ्या. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं.

बंद गाडीत छप्पर, खांब आणि तळ मिळून एक पेटी होते. उघड्या गाडीला वरचा आधारच नाही. एमजीबी या जुन्या ब्रिटिश गाडीसारख्या, वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसलेल्या गाडीत पुढचा आणि मागचा भाग मुख्यतः दरवाजांखालच्या सिलांनी, म्हणजे पत्र्याच्या लांब पोकळ पट्ट्यांनी, आणि तळाच्या मधल्या उंच बोगद्याने धरून ठेवलेला असतो. गंज धरतो तोही सिलांनाच, कारण चिखल आणि पाणी तिथेच साचतं. कुजलेलं सिल कापलं की गाडी मधे खचते आणि दरवाजाच्या मागच्या कडेची फट वर मिटते, खाली उघडते. तशात नवं सिल वेल्ड केलंत तर तो बाक कायमचा झाला. मग बिजागरी कितीही हलवा, दरवाजा नीट लागत नाही.

पाइप 25 मिलिमीटरचा चौकोनी घ्या, भिंत निदान 2 मिलिमीटर जाडीची. प्रत्येक चौकटीत एक वर, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, आणि एक तिरका. शिवाय दोन्ही कुलुपखांबांच्या मधे एक आडवा. पाइप थोडे आतल्या बाजूने बसवा. चौकटीच्या तोंडात लावले तर दरवाजा बंद होणार नाही, आणि दरवाजा लावून फट तपासता येत नसेल तर पाइप कशाला लावले? टोकं जाड, निरोगी पत्र्यावर जोडा. गंजलेल्यावर वेल्डचा टाका मारला तर तो पापुद्र्यासकट हातात येतो.

पाइप जोडण्याआधी मोजमाप. दोन खांबांमधलं अंतर वर आणि खाली, बैठकीच्या जागेचे दोन्ही कर्ण, दरवाजांच्या फटी, सगळं कागदावर. गाडी आधीच खचलेली असेल तर जॅकवर लाकडाची फळी ठेवून हळूहळू उचला, फटी सारख्या करा आणि मगच पाइप जोडा. वाकड्या गाडीला पाइप लावले तर वाकडेपणाच पक्का होतो. घोड्या सस्पेन्शनच्या जागांखाली ठेवा, मधे पोटाखाली नको. आणि एका वेळी एकच बाजू कापा. ‘छोटासाच तुकडा आहे, लगेच होईल’ म्हणून पाइप टाळू नका. छोट्या तुकड्यालाही पाइप हवेत.

खर्चाचा अंदाज वरवरच्या रंगावर करू नका. जाड लांबीखाली (खड्डे भरायच्या पुट्टीखाली) काय आहे ते लोहचुंबकाने बघा: तो पकडत नसेल तिथे जाड लांबी आहे, खाली धड पत्रा असेलच असं नाही. गालिचे उचलून तळाला आणि सिलांच्या टोकांना स्क्रूड्रायव्हरने टोचा. बाहेर एक भोक दिसलं की आत तीन असतात, कारण सिल दोन-तीन पदरी असतं आणि कूज आतून बाहेर येते. म्हणून बाहेरचं सिल मागवताना आतलं आणि त्या दोन्हींमधला पत्र्याचा पडदाही मागवा. पैसे सगळ्यात जास्त जातात ते पत्रा आणि रंगात, त्यातही मजुरीच्या तासांत. क्रोमचाही खर्च मोठा. जस्ताच्या ओतीव मुठी आणि दिव्यांच्या कड्यांना खड्डे पडलेले असतील तर ते भरून, घासून, पुन्हा मुलामा देण्यापेक्षा नवा भाग बहुतेक वेळा स्वस्त पडतो. आणि अंदाजाच्या निम्मी रक्कम वेगळी काढून ठेवा, ती लागतेच.

खोलताना प्रत्येक भागाचा फोटो काढा. नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, वर चिठ्ठी. ‘लक्षात राहील’ हे खोटं आहे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेच्या झोताने कधीच उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी, बॅटरी, सीट, गालिचे बाहेर.

आता कापायला घ्याल. पाइप लावलेत? पुन्हा बघा.

एक मिलिमीटरच्या पत्र्याला एमआयजी वेल्डर (वायर आपोआप पुढे सरकवणारा) आणि 0.6 मिलिमीटरची वायर पुरते. पत्रे एकावर एक येतात तिथे वरच्या पत्र्याला 6 ते 8 मिलिमीटरची भोकं पाडून ती टाक्याने भरायची. सलग रेघ ओढू नका, पत्रा तापून लाटा येतात. एक टाका इथे, पुढचा लांब. जोडाच्या आत जस्ताचा प्राइमर लावा. सिल आधी फक्त ठिकठिकाणी टाचा, दरवाजा लावा, फट मोजा, मग पक्कं करा. दोन्ही बाजू पुऱ्या झाल्याशिवाय पाइप कापायचे नाहीत. कापल्यावर गाडी चाकांवर उतरवून कागदावरचे आकडे परत जुळवा. रंगाच्या आधी. रंगानंतर कळलं तर खर्च दुप्पट.

बाकीचं थोडक्यात. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदला, इथेनॉलमुळे त्या मऊ पडतात आणि चिरतात. ब्रेकच्या धातूच्या नळ्या आणि रबरी होज नवे. वायरिंग आतल्या अस्तराआधी, आणि अर्थिंगच्या जागा घासून लख्ख. रंगानंतर सिलांच्या पोकळीत मेण मारा, पण पाणी जायची भोकं बुजवू नका.

टप सगळ्यात शेवटी. आधी पुढच्या काचेची चौकट, मग दरवाजांच्या काचा, मग टपाचा सांगाडा. काचा जागेवर नसताना कापड ताणलंत तर कडा कधीच जुळत नाहीत. व्हायनिलचा टप थंडीत ताठ होतो, म्हणून ऊबदार दिवशी, मधली रेघ आखून, मधून कडांकडे ताणत न्या. मग पाण्याचा पाइप मारून गळती बघा. वाळल्याशिवाय दुमडू नका.