धंद्यासाठी वॉकी-टॉकी घेताय? परवाना कधी लागतो ते आधी बघा

बांधकामाची साइट असो, मंगल कार्यालय असो की गोदाम, परवाना लागणार की नाही हे धंद्याच्या आकारावर ठरत नाही. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आणि किती पॉवरने बोलतो, त्यावर ठरतं.

हातातल्या सेटसाठी विनापरवाना पट्टा अगदी अरुंद आहे: 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ. पॉवर जास्तीत जास्त 500 मिलीवॉट आणि अँटेना सेटलाच पक्का बसवलेला. यात 12.5 किलोहर्ट्झ अंतराने 16 चॅनेल बसतात. ते सगळ्यांचेच. टोन (ठरावीक खुणेचा आवाज नसलेलं बोलणं गाळणारी सेटमधली सोय) लावला तरी फक्त शेजाऱ्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. त्याने टोन लावला नसेल तर आपलं त्याला ऐकू जातंच. मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस परवाने बघणाऱ्या शाखेचं ईटीए, म्हणजे उपकरणाच्या मंजुरीचं प्रमाणपत्रही हवं. विक्रेत्याकडून त्याची प्रत मागा, बॅटरी काढून आतल्या लेबलवरचा मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर जुळवा.

गडबड होते ती स्वस्तातल्या ड्युअल-बँड सेटमुळे. ते 136–174 आणि 400 मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात 4-5 वॉटने चालतात. ‘446 वर प्रोग्रॅम करून देतो’ असं दुकानदार म्हणाला तरी उपयोग नाही. पॉवर आणि काढता येणारा अँटेना तिथेच राहतो. अमेरिकेत 462 आणि 467 मेगाहर्ट्झवर विनापरवाना चालणारे सेटही इथे चालत नाहीत. अशा सेटच्या ऑनलाइन विक्रीवरून मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना धंद्याला वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

खोक्यावरचे ‘5 किमी’ मोकळ्या माळरानावरचे. आरसीसी इमारतीत अर्ध्या वॉटचा सेट काही मजल्यांतच दम तोडतो. मोबाइलच्या जाळ्याशिवाय त्याहून लांब बोलायचं असेल तर परवान्याला पर्याय नाही.

त्यासाठी ‘सरल संचार’ पोर्टलवर अर्ज करायचा. कंपनीची कागदपत्रं, कामाचं क्षेत्र, हँडसेट आणि बेस स्टेशनची संख्या, पॉवर, अँटेनाची उंची, जागेचे अक्षांश-रेखांश हे सगळं आधी जमवून ठेवा. गच्चीवर अँटेना उभारणार असाल तर सॅक्फा या सरकारी समितीची जागा-मंजुरी वेगळी लागते, आणि अर्ज अडकतात ते बहुधा इथेच: एका फॉर्मवर गेटचे अक्षांश-रेखांश, दुसऱ्यावर गच्चीचे. एकाच बिंदूवर मोजलेले आकडे दोन्हीकडे टाका. रिपीटरला (बोलणं पकडून पुढे पाठवणारं यंत्र) ये-जा करायला दोन फ्रिक्वेन्सी लागतात, म्हणून रॉयल्टी, म्हणजे फ्रिक्वेन्सी वापरण्याचे पैसेही वाढतात. सिम्प्लेक्सवर (एकाच फ्रिक्वेन्सीवर सेट ते सेट थेट) भागत असेल तर रिपीटर मागूच नका. फ्रिक्वेन्सी मंजूर होण्याआधी सेट खरेदी करू नका, कारण मिळणारी फ्रिक्वेन्सी त्या सेटच्या पट्ट्यात असेलच असं नाही. परवान्यावर 20 सेट असतील तर एकविसावा बेकायदा. रॉयल्टी आणि शुल्क मुदतीत भरत राहावं लागतं.

सिमकार्डवर चालणारे पीओसी (पुश-टू-टॉक ओव्हर सेल्युलर) सेट मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर बोलतात, त्यामुळे वेगळी फ्रिक्वेन्सी घ्यावी लागत नाही. पण तळघरात रेंज गेली की सेट मुका. काही पीओसी मॉडेलमध्ये मोबाइलच्या जाळ्याशिवाय थेट बोलायची सोयही (यूएचएफ रेडिओ) असते. ती वापरलीत तर पुन्हा वरचे परवान्याचे नियम आलेच.

लग्नकार्याला किंवा इव्हेंटला सेट भाड्याने घेताना ईटीए किंवा परवान्याची प्रत बुकिंगच्या वेळीच मागून घ्या.