वाकळेची कड: गोट आधी मोजा, मग कापा

आपल्या कोल्हापूरकडच्या वाकळेत, म्हणजे गोधडीत, मधला धावदोरा वर्षानुवर्षं टिकतो, झिजते ती कड. म्हणून गोटाचं, म्हणजे कडेवर शिवायच्या पट्टीचं, कापड जुन्या साडीतून काढू नका. इचलकरंजीचं साधं सुती पॉपलीन घ्या आणि आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करा. नाहीतर पहिल्याच धुण्यात गोट आटतो नि कड चुण्या धरते.

हिशोब सोपा आहे. वाकळ 60 बाय 90 इंच असेल, तर घेर 300 इंच. कोपरे आणि जोड यांसाठी 12 इंच जादा धरा. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंच रुंदीच्या 8 पट्ट्या लागतात, म्हणजे 20 इंच कापड. मी 60 सेंटिमीटरच घेते. पट्ट्या तिरप्या जोडा, म्हणजे जोडावर गाठ आल्यासारखं जाड होत नाही. मग पट्टी लांबीत दुमडून दुहेरी करा.

खरी कसोटी कोपऱ्याची. पाव इंच शिवण धरून पट्टी सुलटीकडून जोडत या आणि कडेच्या पाव इंच अलीकडे थांबून दोरा पक्का करा. पट्टी सरळ वर दुमडा, तिथं तिरपी घडी पडेल. ती बोटानं दाबून धरा, पट्टी पुन्हा खाली आणून पुढची बाजू अगदी कडेपासून सुरू करा. मागच्या बाजूला गोट हातानंच तुरपा. मशीन पटकन होतं खरं, पण हाताची तुरपाई मऊ बसते आणि पांघरताना गळ्याला टोचत नाही.