इटलीत घर घेताय? पहिल्या सहीच्या आधी या चुका टाळा

मिलान किंवा तोरिनोच्या पोलितेक्निकोत शिकायला आलेली, मग इथेच नोकरीला लागलेली मराठी मुलं चार-पाच वर्षं भाडं भरून कंटाळतात. मग घरचा फोन येतो, "भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा हप्ता भर." सल्ला चुकीचा नाही. घोळ होतो तो पुढे, कारण आपल्या डोक्यात घरखरेदीचा महत्त्वाचा दिवस म्हणजे रजिस्ट्रेशनचा दिवस. त्याआधी दिलेलं टोकन म्हणजे नुसती बोलणी, असं आपण धरून चालतो. इटलीत उलट आहे. नोताइयो, म्हणजे दस्त करणारा सरकारमान्य अधिकारी, त्याच्यासमोरचा शेवटचा दस्त, ज्याला रोजितो म्हणतात, तोवर बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. माणूस अडकतो तो एजंटच्या टेबलावर, पहिल्या छापील कागदावर.

प्रोपोस्ताला 'फक्त ऑफर' समजणं

घर आवडलं की एजंट प्रोपोस्ता दाक्विस्तो नावाचा फॉर्म पुढे करतो आणि सोबत चेक मागतो. "आज दुसरेही लोक बघून गेलेत," हे वाक्य ठरलेलं. तुम्ही सही केलीत, विकणाऱ्याने ती स्वीकारली आणि तसं तुम्हाला कळवलं, की करार झाला. नंतर मन बदललं तर काप्पारा, म्हणजे बयाणा म्हणून दिलेली रक्कम गेली. विकणारा फिरला तर त्याला दुप्पट परत द्यावी लागते. एवढ्यावरही सुटका नाही, समोरचा कोर्टात जाऊन विक्री पूर्ण करून घेऊ शकतो. शिवाय एजंटचं कमिशन इथे दोन्ही बाजूंकडून घेतात, साधारण ३ ते ४ टक्के आणि त्यावर २२ टक्के इवा, म्हणजे इथला व्हॅट. व्यवहार जुळला की एजंट ते मागू शकतो, रोजितोपर्यंत थांबेलच असं नाही.

म्हणून सहीच्या आधी दोन अटी लिहून घ्या. एक, अमुक तारखेपर्यंत बँकेने कर्ज मंजूर केलं नाही तर प्रोपोस्ता रद्द आणि पैसे परत. दोन, घराचे बांधकाम परवाने आणि नकाशे जागेशी जुळले पाहिजेत, जुळत नसतील तर रोजितोआधी विकणाऱ्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे. एजंट नाक मुरडेल. मुरडू द्या. कर्जाची अट अजिबात नको म्हणणाऱ्या विक्रेत्याचं घर कितीही देखणं असलं तरी मी ते सोडून देण्याचाच सल्ला देईन.

प्रोपोस्तानंतर बहुतेक वेळा कोम्प्रोमेस्सो, म्हणजे साठेखत होतं. ते ३० दिवसांत नोंदवावं लागतं. पण ही नोंदणी करापुरती असते. दरम्यान विकणाऱ्याने तेच घर दुसऱ्याला विकलं किंवा त्याच्या सावकाराने जप्ती आणली तर ती उपयोगी पडत नाही. त्यासाठी नोताइयोकडून त्रास्क्रित्सियोने, म्हणजे मालमत्तेच्या सार्वजनिक दप्तरात नोंद, करून घ्यावी लागते. रोजितोला पाच-सहा महिने असतील आणि मोठी रक्कम आधी देत असाल तर हा खर्च वाचवू नका.

आपल्या पासपोर्टला घर घेता येतं का, हे न बघणं

इटलीत परदेशी माणसाला घर घेता येतं की नाही, हे 'परस्परते'वर ठरतं: इटालियन माणसाला तुमच्या देशात घेता येत असेल तर तुम्हाला इथे. आणि भारतात न राहणाऱ्या परदेशी नागरिकाला फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यामुळे भारतात स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर पुण्यात बसून तोस्कानात बंगला घेण्याचा बेत याच प्रश्नावर अडतो. नोकरी, व्यवसाय, शिक्षण किंवा कुटुंबासाठीचं पेरमेस्सो दि सोज्जोर्नो, म्हणजे निवास परवाना हातात असेल तर ही अट लागत नाही. ओसीआय असून ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्ट असेल तर हिशेब त्या पासपोर्टचा.

उलटही खरं नाही. घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. २०१७ पासूनच्या गुंतवणूकदार व्हिसात घरखरेदी धरत नाहीत. निवृत्तांसाठीच्या व्हिसाला वर्षाला सुमारे ३१ हजार युरोंचं, नोकरीशिवाय मिळणारं उत्पन्न दाखवावं लागतं आणि त्यावर काम करता येत नाही. सिसिलीतल्या १ युरोच्या घरांचे व्हिडिओ बघून हुरळलेल्यांनी हे आधी वाचावं. तिथे घराची किंमत १ युरो असली तरी ठरावीक मुदतीत दुरुस्ती करायची हमी असते, बहुतेक गावं अनामत ठेवून घेतात, आणि दुरुस्तीचा खर्च काही हजारांत आटपत नाही.

नोताइयो सगळं बघतो, ही समजूत

नोताइयो सरकारमान्य अधिकारी असतो, तटस्थ असतो आणि त्याची निवड सहसा खरेदीदार करतो, कारण फीही तोच भरतो. एजंटने सुचवलेलाच घ्यायला हवा असं नाही. मालकी, गहाण, जप्ती हे नोताइयो तपासतो. पण तो घर बघायला जात नाही. भिंत नकाशातल्या जागेवर आहे का, हे त्याच्या कामात येत नाही. ते काम जेओमेत्राचं. जेओमेत्रा म्हणजे मोजणी, नकाशे आणि परवान्यांचा जाणकार, आणि तो तुमचा स्वतःचा हवा.

इथे फसण्याची जागा म्हणजे कातास्तो. सातबाऱ्यासारखीच ही नोंद मुळात करासाठी. त्यावर नाव असणं हा मालकीचा पक्का पुरावा नाही, आणि त्यातला नकाशा जागेशी जुळला म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. परवाना देते कोमूने, म्हणजे नगरपालिका. त्यामुळे जागा, कातास्तोचा नकाशा आणि कोमूनेतला मंजूर नकाशा, अशा तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. जुन्या इमारतींत कातास्तोचा नकाशा कधी कधी १९३९-४० सालचा, हाताने काढलेला असतो. तो घेऊन घरात उभं राहिलं की गंमत कळते: नकाशात सलग भिंत, समोर दार. नकाशात अडगळीची खोली, समोर न्हाणीघर. वरचा पोटमाळा कागदावर 'राहण्यास अयोग्य' आणि तिथे दोन पलंग मांडलेले. बंद केलेली बाल्कनी तर मुंबईकराच्या डोळ्यांना खटकणारही नाही, पण इथे ती बेकायदा बांधकाम ठरू शकते.

"घर १९६७ च्या आधीचं आहे, काळजी नको," असं सांगणारे भेटतील. १ सप्टेंबर १९६७ पूर्वी बांधकाम सुरू झालं होतं अशा घोषणेवर दस्त होतो, हे बरोबर. पण शहरांत त्याआधीही परवाने लागायचे, आणि नंतर पाडलेल्या-वाढवलेल्या भिंतींना ही तारीख माफी देत नाही. कोमूनेच्या दप्तरातून जुनी फाइल काढायला कित्येक आठवडे लागतात. ऑगस्टमध्ये तर विचारूच नका, सगळा देश समुद्रावर असतो.

खेड्यात जमिनीसह घर घेत असाल तर आणखी एक तपासा. लगतच्या जमिनीच्या मालकाला, तो शेतकरी असेल तर, ती जमीन आधी घेण्याचा हक्क असतो. त्याला रीतसर कळवून ३० दिवस थांबावं लागतं. हे टाळलं तर तो नंतर येऊन जमीन मागू शकतो.

क्षेत्रफळ आणि स्वयंपाकघर

जाहिरातीतले ८० चौरस मीटर म्हणजे पायाखालचे ८० नव्हेत. भिंती धरून, बाल्कनी आणि तळघराचा काही हिस्सा मिळवून तो आकडा होतो. आपल्या सुपर बिल्टअपचाच भाऊ. आणि स्वयंपाकघर घरासोबत मिळेल असं गृहीत धरू नका. विकणारा ओटा, कपाटं, शेगडी, कधी दिवेसुद्धा उचलून नेतो आणि भिंतीतून नुसत्या वायरी लोंबत राहतात. काय राहणार ते प्रोपोस्तातच लिहा.

कराची सवलत घेऊन दारावर नाव न लावणं

खाजगी मालकाकडून पहिलं घर घेतलं तर नोंदणी कर २ टक्के, नाही तर ९ टक्के. दोन्हीकडे किमान १,००० युरो. हा कर बाजारभावावर नसून कातास्तोच्या मूल्यावर लावता येतो, पण तसं दस्तात मागावं लागतं. समजा कातास्तोत घराचं मानीव उत्पन्न ७०० युरो नोंदलंय. पहिल्या घरासाठी गुणिले ११५.५, म्हणजे ८०,८५०, त्यावर कर १,६१७. दुसऱ्या घरासाठी गुणिले १२६, म्हणजे ८८,२००, कर ७,९३८. बिल्डरकडून इवासह घेतलं तर हिशेब पूर्ण किमतीवर, ४ किंवा १० टक्क्यांनी.

सवलतीची मुख्य अट: १८ महिन्यांत त्या कोमूनेत रेसिदेन्त्सा, म्हणजे अधिकृत वास्तव्य नोंदवायचं. तुम्ही खरंच राहता का हे बघायला नगरपालिकेचा पोलीस येतो, न सांगता. बेलवर नाव नसेल तर तो 'राहत नाहीत' असं लिहून परत जाऊ शकतो. पाच वर्षांच्या आत घर विकून वर्षभरात स्वतः राहायला दुसरं घर घेतलं नाही, तर सुटलेला कर व्याज-दंडासह भरावा लागतो.

रेसिदेन्त्सा मिळाली की दुसरं घड्याळ सुरू होतं. भारतीय लायसन्स त्यानंतर एकच वर्ष चालतं, बदलून मिळत नाही, आणि लेखी परीक्षा इटालियनमध्ये. जिथे बस दिवसातून दोनदा येते अशा टेकडीवरच्या गावात घर घेण्याआधी याचा विचार करा.

पैसे, लग्न आणि आई-बाबा

दस्तात प्रत्येक पेमेंटचा तपशील लिहिला जातो, म्हणून पैसा बँकेतूनच आणि मूळ दाखवता येईल असाच हवा. भारतातून आई-वडील पाठवणार असतील तर एलआरएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. मार्च-एप्रिलची सांधेजोड आधीच ठरवा. इटलीचे करदाते असाल तर पुण्यातला फ्लॅटही इथल्या विवरणात दाखवावा लागतो आणि त्यावर कर बसू शकतो. "तिकडचं इकडे कोण विचारतंय" हा विश्वास महागात पडतो.

नोताइयो विचारेल: नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक की वेगळी? महाराष्ट्रात लग्न झालेल्यांना प्रश्नच नवा वाटतो. गोव्यात लग्न नोंदवलं असेल तर तिथल्या नागरी कायद्याने मालमत्ता सामाईक असू शकते. लग्नाचा दाखला, अनुवाद आणि अपॉस्टिल आधीच काढून ठेवा. इटालियन नीट समजत नसेल तर तेही आधी सांगा, कारण मग दस्त दोन भाषांत आणि नोताइयोला तुमची भाषा येत नसेल तर दुभाष्यासह करावा लागतो.

पुढे कुटुंबाला कायमचं आणायचं असेल तर कोमूनेकडून घर पुरेसं असल्याचा दाखला लागतो. सर्वसाधारण माप पहिल्या चौघांना माणशी १४ चौरस मीटर, म्हणजे चौघांना ५६. आई-बाबा नुसते राहायला आले तरी ४८ तासांत पोलिसांना किंवा कोमूनेला लेखी कळवायचं. आपल्याच घरात आपलेच आई-वडील, तरीही. न कळवल्यास दंड आहे.

सोसायटीची थकबाकी आणि मीटर

चालू आणि आदल्या वर्षाची थकबाकी राहिली तर सोसायटी नव्या मालकाकडूनही वसूल करू शकते. विकणाऱ्याकडून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं 'देणं बाकी नाही' असं पत्र घ्या आणि मागच्या काही सभांची इतिवृत्तं मागा. लिफ्ट बदलायचा ठराव झालेला असेल तर तो तिथेच सापडेल.

वीज चालू असेल तर फक्त नाव बदलतं, त्याला वोल्तुरा म्हणतात. मीटर बंद पडलेलं असेल तर सुबेन्त्रो, त्याला जास्त दिवस लागतात. म्हणून रोजितोआधी विकणाऱ्याने कनेक्शन तोडू नये असं सांगा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. घरगुती जोडणी बहुधा ३ किलोवॉटची असते. इंडक्शनवर कुकर, अवनमध्ये काही भाजायला ठेवलेलं आणि वर गीझर, एवढ्यात अंधार होतो. वीज कंपनीला सांगून ती ४.५ किंवा ६ किलोवॉट करता येते, नाव बदलताना विचारलं की झालं.