फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये बर्फ साचू लागल्यास दोष कसा शोधावा

फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये बर्फ धरतच नाही असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो रोज धरतो आणि रोज वितळतो, एवढेच. थंडावा देणारी कॉइल मागच्या पॅनेलआड असते, पंखा आतली हवा तिच्यावरून फिरवतो आणि हवेतले बाष्प तिच्या पातळ पत्र्यांवर हिम होऊन बसते. ते काढण्यासाठी जुन्या मॉडेलमध्ये टायमर दर ६ ते १२ तासांनी, तर नव्या मॉडेलमध्ये कंट्रोल बोर्ड वापराचा अंदाज घेऊन, कॉम्प्रेसर थांबवतो आणि कॉइलजवळचा हीटर सुरू करतो. कॉइल पुरेशी तापली की बायमेटल (तापमानानुसार आपोआप जोडला-तुटणारा स्विच) किंवा सेन्सर हीटर बंद करवतो आणि वितळलेले पाणी नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाऊन तिथेच वाफ होऊन जाते.

ही साखळी तुटली की पहिला परिणाम बहुधा फ्रीजच्या कप्प्यात दिसतो. कॉइल हिमाने बुजल्यामुळे हवा पुढे सरकत नाही, म्हणून फ्रीझर अजून गोठवत असताना फ्रीजमधला गारवा मात्र कमी होतो. अशा वेळी बहुतेक जण फ्रीझर बंद ठेवून सगळा बर्फ वितळू देतात. त्याने काही दिवस काम भागते, पण दोषाचा पुरावाही वाहून जातो.

म्हणून आधी प्लग काढावा, मागचे पॅनेल उघडावे आणि हिम कसे बसले आहे ते नीट पाहावे. पूर्ण कॉइलवर सारखा जाड थर असेल, तर दोष वितळवण्याच्या यंत्रणेत आहे. हिम कॉइलच्या एका कोपऱ्यातच असून उरलेला भाग कोरडा असेल, तर गॅस कमी झाल्याची शक्यता असते आणि ते काम मेकॅनिककडेच द्यावे. तळाशी बर्फाची लादी असल्यास पाण्याची नळी तुंबलेली असते. दाराजवळ हिम दिसल्यास गॅस्केट, म्हणजे दाराची रबरी पट्टी, तपासावे.

त्यानंतरच बर्फ वितळू द्यावा. सुरी किंवा टोकदार वस्तू मुळीच वापरू नये, कारण कॉइलला भोक पडले तर दुरुस्ती महागात जाते आणि अनेक नव्या फ्रीजमधला आर-६००ए हा गॅस ज्वलनशील असतो.

सारखा थर आढळल्यास हीटरच्या वायरी सोडवून मल्टीमीटरने रोध मोजावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १५० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे ३५० ओहम येतो; सर्किट उघडे, म्हणजे तुटलेले, दाखवले तर हीटर जळाला आहे. बायमेटलच्या बाबतीत मात्र फसगत ठरलेलीच, कारण घरातल्या तापमानाला तो उघडा असणे हीच त्याची योग्य अवस्था असते आणि चांगला सुटा भाग नाहक बदलला जातो. तो फ्रीझरमध्ये चांगला गार करून लगेच तपासावा; तेव्हाही उघडाच राहिला तर तो निकामी आहे. थर्मल फ्यूज (जास्त तापल्यास वीज कायमची तोडणारा भाग) मात्र कोणत्याही तापमानाला जोडलेलाच दिसला पाहिजे, आणि उडालेला फ्यूज वायर जोडून चुकवणे म्हणजे आगीचा धोका पत्करणे होय.

हे सगळे ठीक निघाले, तर संशय टायमरवर येतो. प्लग काढलेला असतानाच त्याचा खाचेचा दांडा स्क्रूड्रायव्हरने ‘टक’ आवाज येईपर्यंत हळूहळू फिरवावा. प्लग लावल्यावर कॉम्प्रेसर बंद राहून हीटर तापू लागला, तर टायमर स्वतःहून पुढे सरकत नव्हता हे स्पष्ट होते. बोर्ड असलेल्या मॉडेलमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथे आधी सेन्सर तपासावा आणि बोर्ड सर्वांत शेवटी बदलावा.