ट्रेडमार्कचा अर्ज भरताना: वर्गाचा आकडा सगळ्यात शेवटी

ट्रेडमार्कच्या अर्जात आपला माल किंवा सेवा कोणत्या प्रकारात मोडते, त्याचा ठरलेला आकडा म्हणजे वर्ग. आधी वर्ग शोधायला बसू नका. गिऱ्हाईक तुम्हाला नेमके कशाचे पैसे देतं, ते साध्या शब्दांत लिहून काढा. येत्या दोन-तीन वर्षांत नक्की आणणार आहात तो माल किंवा सेवाही त्यात घ्या. मनातले मांडे सोडून द्या.

बहुतेक देश माल आणि सेवांचं नाइस हे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरतात. त्यात 45 वर्ग आहेत: 1 ते 34 मालाचे, 35 ते 45 सेवांचे. तयार वस्तूचा वर्ग आधी तिच्या उपयोगावरून ठरतो. हातमोजेच घ्या. अंगावर घालायचे कपडे म्हणून 25, घरकामाचे 21, डॉक्टरांचे 10, अपघातापासून बचावाचे 9 आणि बॉक्सिंगचे 28. वेल्डिंगचे हातमोजे विकणाऱ्याने 25 भरला, तर शुल्क भरूनही त्याचा खरा माल उघडाच राहतो. फळांचंही तसंच: ताजी 31 मध्ये, वाळवलेली 29 मध्ये, रस 32 मध्ये.

सगळ्यात जास्त गफलत 35 मध्ये होते. स्वतःच्या मालाची जाहिरात करता म्हणून हा वर्ग लागत नाही; जाहिरातीची सेवा दुसऱ्यांना देत असाल तर लागतो. दुकान किंवा पोर्टलवर इतरांचे ब्रँड विकत असाल, तरीही लागतो. खोक्यावर नाव छापता म्हणून कागदी वस्तूंचा 16 घेणं हा निव्वळ वाया खर्च.

सॉफ्टवेअर डाउनलोड करून देत असाल तर 9, ब्राउझरमधूनच वापरायला देत असाल तर 42, दोन्ही असेल तर दोन्ही. ॲप फक्त ऑर्डर घेण्यापुरतं असेल, तर मूळ धंद्याचा वर्ग आधी. माल घरपोच पोचवण्याची सेवा देत असाल तर 39.

आता अर्जातल्या माल-सेवांच्या यादीची भाषा. संरक्षण मिळतं ते आकड्याला नव्हे, यादीतल्या शब्दांना. ‘इत्यादी’, ‘ॲक्सेसरीज’, ‘संबंधित वस्तू’ असं मोघम लिहिलं की ट्रेडमार्क कार्यालयाचा आक्षेप आलाच. मद्रिद गुड्स अँड सर्व्हिसेस मॅनेजर या वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) मोफत साधनात शब्द टाकला की तयार वर्णन आणि वर्ग दोन्ही सापडतात.

अर्ज दाखल झाल्यावर यादी कमी करता येते, वाढवता येत नाही. राहून गेलेल्या मालासाठी नवा अर्ज, नवं शुल्क आणि मुख्य म्हणजे नवी तारीख. मधल्या काळात दुसऱ्याने अर्ज केला असेल तर तो पुढे. म्हणून सगळेच वर्ग घेऊन टाकावेत, तर तेही महागात पडतं. शुल्क सहसा वर्गागणिक असतं, आणि सलग काही वर्षं (बऱ्याच ठिकाणी 3 किंवा 5) न वापरलेला भाग कुणीही रद्द करायला लावू शकतो.

आधीच्या नोंदी शोधताना फक्त आपला वर्ग चाळू नका. वर्ग वेगळा असला तरी माल सारखा ठरू शकतो: कपडे 25 मध्ये आणि कपड्यांचं दुकान 35 मध्ये, तरी एकाच नावावरून टक्कर होते.

शेवटी नाइस वर्गीकरणाची आवृत्ती तपासा. 2026 पासून चष्मे 9 मधून 10 मध्ये गेले आहेत, त्यामुळे जुना अर्ज समोर ठेवून आकडे उतरवू नका.